ईश्वर, अनीश्वर आणि मुळशीचे खोरे

ईश्वर आहे की नाही, आणि तो नसेल तर मनुष्याच्या जगण्याला काही प्रयोजन उरते की नाही, हे प्रश्न पंडितांच्या सभेत किंवा एकांतातील चिंतनात उपस्थित व्हावयाचे, असा सामान्य समज आहे. परंतु पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या ऐन घाटमाथ्यापर्यंत पसरलेल्या मुळशी तालुक्याकडे पाहिले म्हणजे तेच प्रश्न भाताच्या खाचरांत, देवराईच्या सीमेवर, धरणाच्या भिंतीखाली आणि अलीकडे संगणक-उद्योगाच्या उंच इमारतींच्या आसपासही तितक्याच तीव्रतेने उभे असल्याचे दिसून येते. ताम्हिणीला विंझाई देवीचे ठाणे आहे; हाडशीला पांडुरंगाचे नवे, विस्तीर्ण क्षेत्र निर्माण झाले आहे; कोळवणच्या खोऱ्यात चिन्मय मिशनचे वेदान्ताध्ययनाचे केंद्र आहे; आणि तालुक्याच्या पूर्वेकडील ज्या हिंजवडीत जगभरच्या कंपन्यांचे हिशेब रात्रंदिवस चालतात, त्याच हिंजवडीतून दर चैत्री पौर्णिमेस म्हातोबाचे बगाड निघून वाकडला जाते. एका तालुक्याच्या हद्दीत श्रद्धेची इतकी रूपे शेजारी-शेजारी नांदतात, आणि या भूमीपासून चाळीस-पन्नास मैलांच्या आतच महाराष्ट्रातील अश्रद्धेची व चिकित्सेची सर्वांत तेजस्वी परंपराही जन्मास आली. म्हणून आस्तिक्य, नास्तिक्य आणि जीवनाचा अर्थ या त्रिविध प्रश्नाचा मराठी मुलखात जो ऊहापोह झाला, त्याचा आढावा मुळशीच्या भूमीवरून घेतल्यास त्यात काही विशेष लाभ होईल अशी माझी धारणा आहे; कारण जेथे मनुष्याने देवासकट आपली जमीन गमावली, तेथे या वादातील प्रत्येक पक्षाला पोकळ बोलणे अशक्य होते.

दफ्तरातील देव आणि राईतील देव

तत्त्वज्ञांचा ईश्वर आणि खेड्यातील देव यांत प्रथमच भेद करावयास हवा. मावळातील ग्रामदैवत विश्वाची उत्पत्ती, स्थिती आणि लय करणाऱ्या जगन्नियंत्याच्या कल्पनेतून आलेले नाही. ते गावाची शीव राखते, पेरणीपूर्वी कौल देते, नवसाला पावते किंवा कोपते, आणि जत्रेच्या निमित्ताने मुंबई-पुण्यास पांगलेल्या भावकीला वर्षातून एकदा एकत्र आणते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या परिसरात पायी हिंडून अशा दैवतांची ठाणी तपासली, तेव्हा कित्येक ठाण्यांजवळ त्यांना अश्मयुगीन सूक्ष्म हत्यारे आढळली आणि देवीच्या अनेक जागा प्राचीन वाटांच्या संगमावर असल्याचे दिसले. हे विवेचन त्यांच्या १९६२ च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या ग्रंथात आहे. याचा अर्थ असा की, शेंदूर फासलेल्या तांदळ्यात पुष्कळदा एखाद्या पुराणाहूनही जुनी स्मृती साठवलेली असते, आणि तो धोंडा ‘खोटा’ आहे असे म्हणणाऱ्याने त्याच्याविषयी अजून फारसे काही सांगितलेले नसते.

या देवाला सरकारी दफ्तरातही स्थान आहे. देवस्थान इनाम हा महसूल खात्याच्या वर्गवारीतील वर्ग ३ चा इनाम होय. दिवाबत्ती, पूजाअर्चा आणि वार्षिक उत्सव यांसाठी दिलेल्या अशा जमिनीवर देवाचे नाव लागते आणि पुजारी केवळ वहिवाटदार ठरतो. हिंदू देवतामूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे आणि तिच्या वतीने दावा चालू शकतो, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्ये एका बंगाली घराण्याच्या खटल्यात निःसंदिग्ध शब्दांत मान्य केले. अशा रीतीने, तत्त्वज्ञानाच्या न्यायालयात ज्याच्या अस्तित्वाचा निकाल लागलेला नाही, तो देव दिवाणी न्यायालयात मात्र फिर्याद करू शकतो. कायद्याने हे मान्य केले, कारण देवाच्या नावाने माणसांनी परस्परांना दिलेली वचने खरी असतात आणि त्यांचे रक्षण करावेच लागते. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

देवराईचे उदाहरण तर याहूनही बोलके आहे. देवाच्या नावाने राखलेल्या वनातील काडीही उचलू नये, उचलल्यास देव कोपतो, या निषेधाच्या बळावर सह्याद्रीत शेकडो राया शतकानुशतके टिकल्या. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील या रायांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि आसपासचे डोंगर उघडे झाले असताना मूळच्या अरण्याचे अवशेष येथेच उरले आहेत, हे दाखवून दिले. देवीच्या कोपावर विश्वास असलेला मावळा आणि त्यावर विश्वास नसलेला शास्त्रज्ञ हे दोघेही ‘येथे कुऱ्हाड चालवू नये’ या एकाच निर्णयास पोहोचले. यावरून श्रद्धा खरी ठरते असे कोणी समजू नये. कारण ज्या देवासाठी राई राखली, त्याच देवाच्या देवळाचा जीर्णोद्धार करण्यासाठी राई तोडल्याचीही उदाहरणे आहेत. भयावर उभा असलेला निषेध भय ओसरताच किंवा देवाची आवड बदलली असे ठरताच कोसळतो. ज्ञानावर उभा असलेला निषेध अधिक टिकाऊ असावा. परंतु ज्याला आपण ज्ञान म्हणतो ते ज्ञान असूनही डोंगर विकले जात आहेत, ही गोष्ट मुळशीत राहणाऱ्या कोणासही सांगावयास नको.

जान किंवा जमीन

१९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनीची स्थापना झाली आणि मुळा व निळा या नद्यांचे पाणी मुळशीजवळ अडवून, ते कोकणात भिरा येथे उतरवून, त्यावर मुंबईसाठी वीज निर्माण करण्याची योजना हाती घेण्यात आली. त्या काळच्या मुळशी पेट्यातील पन्नासाहून अधिक गावे आणि सुमारे ११ हजार माणसे या योजनेने बाधित होणार होती. आंबेमोहोर भातासाठी नावाजलेली खाचरे, घरे, देवळे आणि पूर्वजांच्या समाध्या पाण्याखाली जाणार होत्या. सरकारने १८९४ चा भूसंपादनाचा कायदा खासगी कंपनीच्या हितासाठी राबवला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीचा मुहूर्त साधून, मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह आरंभिला, आणि ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची प्रतिज्ञा झाली. पांडुरंग महादेव बापट यांना महाराष्ट्राने ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्यात दिली. विनायकराव भुस्कुटे यांनी त्यात आपले सर्वस्व ओतले आणि पुढे त्याचा इतिहासही लिहून ठेवला. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी रेल्वे अडवली, त्यांना ७ वर्षांची शिक्षा झाली, आणि लढा मोडला. १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली.

या लढ्याचे राजकीय परीक्षण राजेंद्र व्होरा यांनी साक्षेपाने केले आहे, आणि त्यातील एक निष्कर्ष आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. पेट्यातील बऱ्याचशा जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. या सावकारांना मोबदला मिळाला की पुरे होते, तर कसणाऱ्या मावळ्याला मोबदल्याने भरून निघेल असे त्या जमिनीत काहीच नव्हते. सावकाराच्या दृष्टीने जमीन म्हणजे रक्कम होती. मावळ्याच्या दृष्टीने ती आजा-पणज्याची कमाई, लेकीचे माहेर, गावदेवाची शीव आणि स्वतःच्या अंत्यविधीची जागा होती. दोघेही देव मानणारेच होते. तरी एकाच्या आस्तिक्याने त्याला शेजाऱ्याच्या आकांताशी जोडले नाही. ‘जीवनाचा अर्थ’ ही आज आपल्याला एखादी अमूर्त वस्तू वाटते. मुळशीच्या शेतकऱ्याला ती जमिनीत रुतलेली, नावानिशी ठाऊक असलेली आणि म्हणूनच हिरावून घेता येण्याजोगी वस्तू होती. रामनवमीला आरंभिलेला लढा हरला, देवळे बुडाली, देवाने पाणी अडवले नाही. ‘न्यायी आणि समर्थ ईश्वर असेल तर हे का घडले?’ हा जगातील सर्व धर्मांना भेडसावणारा प्रश्न येथे कोणत्याही ग्रंथाच्या साहाय्याशिवाय उभा राहतो.

जुन्या वादाची मांडणी

हा प्रश्न आपल्याकडे पाश्चात्त्यांच्या संपर्काने प्रथम उपस्थित झाला, हा समज निराधार आहे. जग हे कार्य आहे, प्रत्येक कार्याला कर्ता असतो, म्हणून जगालाही ज्ञानी कर्ता असला पाहिजे, असे नैयायिकांनी प्रतिपादिले आणि उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त या युक्तिवादाला परिपूर्ण रूप दिले. पण वेदांचे कट्टर समर्थक असलेल्या कुमारिल भट्टांनीच त्यापूर्वी जगत्कर्त्याच्या कल्पनेवर कठोर आघात केले होते: ज्याला काहीच उणे नाही, त्याने जग कशासाठी निर्माण करावे, आणि दयेपोटी केले म्हणावे, तर दुःखाने भरलेले का करावे? सांख्यांनी ईश्वराविना विश्वाची उपपत्ती लावली. जैन आणि बौद्ध यांनी सृष्टिकर्ता नाकारून अत्यंत कडक नीतिशास्त्र उभारले. चार्वाकांनी परलोकच नाकारला. म्हणजे ईश्वराला न मानणे आणि नीतिभ्रष्ट होणे यांचा अनिवार्य संबंध नाही, ही गोष्ट या भूमीत दोन हजार वर्षांपूर्वीच व्यवहाराने सिद्ध झालेली होती.

संतांनी हा वाद युक्तिवादाच्या कक्षेतून काढून नात्याच्या कक्षेत आणला. मुळशीपासून फार दूर नसलेल्या देहूत, १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी आणि मूल अन्नावाचून गेले, आणि त्यानंतरच्या त्यांच्या वाणीत देवाशी केलेले भांडण, त्याच्या अस्तित्वाविषयीची घोर शंका आणि अखेर त्याच्याच पायांशी घेतलेला विसावा ही तीनही आढळतात. चोखोबांना तर ज्या देवाचा ध्यास होता, त्याच्या देवळाचा उंबरठाच वर्ज्य होता. संतांचे आस्तिक्य हे दुःखाचे समर्थन करणारे नाही. ते दुःखाचा जाब विचारणारे आहे, हे त्याचे वैशिष्ट्य. तरीही त्याची मर्यादा नमूद केलीच पाहिजे: देवाला जाब विचारणाऱ्या या परंपरेने चोखोबांना उंबरठ्याबाहेर ठेवणाऱ्या समाजव्यवस्थेला तितक्याच निकराने जाब विचारला नाही, आणि ती उणीव भरून काढण्याचे काम एकोणिसाव्या शतकावर येऊन पडले.

सुधारकांचे शतक

१८४९ मध्ये मुंबईत गुप्तपणे चालणारी परमहंस सभा, १८६७ मध्ये स्थापन झालेला प्रार्थनासमाज आणि १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी पुण्यात स्थापन केलेला सत्यशोधक समाज या तिन्ही चळवळी ईश्वर मानणाऱ्या होत्या. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांचा ईश्वर हा करुणामय, निराकार आणि मध्यस्थावाचून भेटणारा होता. जोतीरावांचा ‘निर्मिक’ सर्व स्त्री-पुरुषांना समान हक्कांनी निर्माण करणारा होता. म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त ईश्वराची कल्पना ही विषमतेविरुद्धची सनद बनते. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी प्रार्थनासमाजाच्या याच श्रद्धेतून १९०६ मध्ये अस्पृश्यांसाठी भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी उभी केली. आस्तिक्य हे प्रतिगामीच असते, असे म्हणणाऱ्यांनी या नावांचा विचार केल्यावाचून पुढे जाऊ नये.

गोपाळ गणेश आगरकर यांची वाट निराळी होती. मिल आणि स्पेन्सर यांच्या अध्ययनाने घडलेल्या या पुरुषाने ‘देवतोत्पत्ती’सारख्या निबंधांत देवांची कल्पना मानवी भय, स्वप्न आणि मृतांची स्मृती यांतून कशी उद्भवली असावी, याची चिकित्सा केली. येथे एक तार्किक सावधगिरी आवश्यक आहे: एखादी कल्पना कशी निर्माण झाली हे दाखवल्याने ती असत्य ठरत नाही; पण तिला पुरावा म्हणून जी लोकपरंपरा पुढे केली जाते, तिचे बळ मात्र निश्चित कमी होते. आगरकरांचे खरे सामर्थ्य या युक्तिवादाहूनही त्यांच्या जीवनात प्रकट झाले. पुनर्जन्माची आशा नाही, स्वर्गाचे प्रलोभन नाही, सनातन्यांनी जिवंतपणीच प्रेतयात्रा काढलेली, दम्याने शरीर पोखरलेले, आणि तरी शिक्षकाच्या तुटपुंज्या वेतनावर १८८८ पासून ‘सुधारका’तून अखंड लेखन; चाळिशी गाठण्यापूर्वीच, १७ जून १८९५ रोजी ते गेले. ईश्वरावाचून कर्तव्यनिष्ठा संभवत नाही, या आक्षेपाला त्यांनी आपल्या आयुष्याने दिलेले उत्तर आजवर कोणास खोडता आलेले नाही.

त्यांचे सहकारी आणि पुढे प्रतिपक्षी झालेले लोकमान्य टिळक यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ज्ञानोत्तरही लोकसंग्रहासाठी कर्म केलेच पाहिजे, असा सिद्धान्त मांडला. मुळशीच्या सत्याग्रहातील अनेक पुढारी याच विचारावर पोसलेले होते. एक ईश्वरार्पण बुद्धीने आणि दुसरा ईश्वराविषयी मौन धरून, असे हे दोघे मित्र ‘फळाची आशा न धरता कर्तव्य करावे’ या एकाच ठिकाणी येऊन मिळतात. या मीलनाचा अर्थ काय लावावयाचा, हाच आपल्या आढाव्यातील मध्यवर्ती प्रश्न होय.

अनुभव, समीक्षा आणि धम्म

विसाव्या शतकात या वादाचे तीन स्वतंत्र प्रवाह झाले. गुरुदेव रा. द. रानडे यांनी १९३३ मध्ये महाराष्ट्रातील संतांच्या गूढानुभवावर इंग्रजीत ग्रंथ लिहून असे प्रतिपादिले की, ईश्वर हा अनुमानाचा विषय नसून साक्षात्काराचा विषय आहे. अनुभवणाऱ्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ध्यानातील तशाच शांतीचा अनुभव बौद्ध साधकाला ईश्वरावाचून येतो, यावरून अनुभव आणि त्याचा अर्थ या दोन भिन्न गोष्टी आहेत हे मान्य करावे लागते.

दुसरा प्रवाह तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत परंपरेने शास्त्राध्ययन केलेल्या या पंडिताने ‘हिंदुधर्माची समीक्षा’ आणि ‘जडवाद’ या ग्रंथांत धर्मकल्पनांची उत्पत्ती आणि त्यांची सामाजिक भूमिका यांची आतून चिकित्सा केली. बाहेरून केलेल्या टीकेला ‘तुम्हांला आमची शास्त्रे ठाऊक नाहीत’ असे म्हणून परतवता येते. तर्कतीर्थांच्या बाबतीत तो मार्ग बंद होता.

तिसरा प्रवाह सर्वांत व्यापक परिणाम घडवणारा ठरला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला, तेव्हा दिलेल्या २२ प्रतिज्ञांच्या आरंभीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याचा निश्चय होता. आणि १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात, इतर धर्मांत जे स्थान ईश्वराला आहे ते धम्मात नीतीला आहे, असा विचार त्यांनी मांडला. जगातील नास्तिक विचार बहुधा विद्वानांच्या वर्तुळात राहिला. येथे मात्र भूमिहीन, अक्षरशत्रू ठेवलेल्या माणसांनी ईश्वराला सोडून माणूसपण मिळवले. ज्यांच्या जीवनाचा अर्थ पूर्वजन्मीच्या पापांच्या नावाने शतकानुशतके ठरवून टाकला होता, त्यांना ईश्वरावाचूनचे जग शून्यवत् वाटले नाही, मोकळे वाटले. ‘देव गेला की अर्थ गेला’ हे विधान कोणत्या समाजस्थितीतून केले जात आहे, हे यावरून तपासता येते.

धर्मांतराच्या या घटनेपूर्वी, १९३४ च्या जानेवारीत, बिहारमध्ये भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाची ती ईश्वरी शिक्षा आहे, असे गांधीजी म्हणाले, आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी, स्वतः आस्तिक असूनही, त्याचा जाहीर निषेध केला. भौतिक घटनेला नैतिक कारण जोडणे बुद्धीला मारक आहे, ही त्यांची हरकत होती. १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपाने युरोपात जो प्रश्न व्हॉल्तेरपुढे टाकला, तोच हा. दुसऱ्यावर कोसळलेल्या संकटाला शिक्षा म्हणण्याचा अधिकार कोणत्याही श्रद्धेला नाही, ही रवींद्रनाथांची मर्यादारेषा मला संपूर्ण वादातील सर्वांत मोलाची वाटते. श्रद्धेचे दुसरे, उजळ रूप साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात दाखवले: पंढरीचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले, आणि शिक्षेचा धाक घालणारा देव दूर सारून सर्वांना कवेत घेणारा विठ्ठल महाराष्ट्रापुढे ठेवला.

देवाची निवृत्ती आणि विवेकाचा आग्रह

अलीकडच्या काळात या प्रश्नाचा सर्वांत सभ्य आणि प्रांजळ वाद महाराष्ट्राने व्यासपीठावर ऐकला तो डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यात. ईश्वराची संकल्पनाच कालबाह्य झाली असून देवाला आता निवृत्त करावे, असे लागूंचे म्हणणे. तर १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना करणारे दाभोलकर म्हणत की, समितीचा विरोध देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, संविधानाने दिलेल्या उपासनेच्या स्वातंत्र्याला नाही. हे दोघे गावोगाव एकाच मंचावरून परस्परांशी मतभेद मांडत आणि एकत्रच परतत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. त्याच वर्षी नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात जारी झाला. ज्याचे ईश्वराविषयीचे मत सौम्य होते, त्याला मारण्यात आले, याचा बोध स्पष्ट आहे: मारेकऱ्यांना खरी भीती ‘देव नाही’ या विधानाची नव्हती, प्रश्न विचारण्याची सवय लोकांत रुजते, याची होती.

लागूंचा आक्षेप मात्र केवळ व्यवहार्यतेच्या उत्तराने मिटत नाही. मूळ गृहीतच निराधार असेल तर त्याच्या फांद्या छाटून काय उपयोग, हा प्रश्न तर्कदृष्ट्या रास्त आहे. पण मुळशीतील जत्रेला जाणाऱ्या माणसाला विचारून पाहावे: तो गृहीतकाच्या पूजेला चाललेला नसतो. त्याला आपल्या माणसांत, आपल्या गावात, वर्षातून एक दिवस तरी आपले स्थान पुन्हा मिळवायचे असते. ज्याच्याजवळची जमीन गेली, गाव विखुरले, त्याच्याकडून देवही काढून घ्यावयाचा असेल, तर त्याच्या हाती दुसरे काय देणार आहोत, हे आधी सांगितले पाहिजे. आणि उलट बाजूने, बगाडावर गळ टोचून घेणाऱ्याच्या अंगाला होणारी इजा खरी असते. ‘परंपरा’ या एका शब्दाने तिची चिकित्सा थांबवता येत नाही.

अर्थाचा प्रश्न

पाश्चात्त्य विचारात ईश्वराच्या लोपाबरोबर अर्थाचा प्रश्न अत्यंत एकाकी स्वरूपात उभा राहिला. अल्बेर काम्यू यांनी १९४२ मध्ये जगाच्या मौनापुढे ताठ उभे राहणाऱ्या माणसाचे चित्र रेखाटले. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या व्हिक्टर फ्रँकल यांनी अर्थ हा मनुष्याने शोधावयाचा असतो, असे अनुभवाच्या आधारे सांगितले. दोन्ही विचार उदात्त आहेत; पण दोन्हींत अर्थ शोधणारा एकटा आहे. आपल्या परंपरेत याहून निराळी एक जाणीव आहे आणि ती आस्तिक-नास्तिक दोघांनाही घेता येण्याजोगी आहे, ती म्हणजे ऋणाची. शास्त्रांनी देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण सांगितले. यातील देव हा शब्द मान्य नसलेल्या मनुष्यालाही आपण माती-पाणी-अरण्य यांचे, ज्ञान देणाऱ्यांचे आणि आपल्याआधी खपून गेलेल्यांचे ऋणको आहोत, हे नाकारता येणार नाही. मनुष्य जन्मतःच ऋणी असतो आणि ते ऋण ओळखून फेडण्यात त्याच्या आयुष्याला अर्थ येतो, हा माझा या आढाव्याअंती झालेला निश्चय आहे. टिळकांचा लोकसंग्रह आणि आगरकरांची कर्तव्यनिष्ठा यांचे मीलन याच भूमीवर होते. दोघांनी सावकाराची नावे वेगळी सांगितली, पण परतफेड एकाच लोकांना केली.

यावर दोन्ही बाजूंनी आक्षेप येतील आणि ते गंभीर आहेत. आस्तिक म्हणेल, ऋणाची भाषा कर्तव्य शिकवते, पण मरणाच्या दारात आधार देत नाही. पुत्रशोकाने मोडलेल्या आईला लोकसंग्रह काय सांत्वन देणार? हा आक्षेप मी मान्य करतो. सांत्वनाच्या बाबतीत श्रद्धेचे बळ मोठे आहे, आणि आगरकरांसारख्यांनी त्यावाचून जगून दाखवले, म्हणून ते सर्वांनी करावे अशी सक्ती कोणी करू नये. नास्तिक म्हणेल, श्रद्धेने सत्कर्म घडत असले तरी असत्य ते असत्यच, आणि उपयुक्ततेच्या आड सत्याला लपवणे ही अप्रामाणिकता होय. हाही आक्षेप मी मान्य करतो. देवराई टिकली म्हणून देवी सिद्ध होत नाही. ईश्वराच्या अस्तित्वाचा वाद पुराव्याने आणि युक्तिवादानेच चालला पाहिजे, आणि आजवरच्या पुराव्यांनी तो आस्तिकांच्या बाजूने सुटलेला नाही, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे. परंतु तो सुटेपर्यंत जगणे तहकूब ठेवता येत नाही, आणि शेजाऱ्याचे दुःख तर मुळीच तहकूब होत नाही.

म्हणून श्रद्धा आणि अश्रद्धा या दोहोंनाही एकच कसोटी लावावी. जी श्रद्धा बुडालेल्या गावाला ‘प्राक्तन’ म्हणून गप्प करते, ती टाकाऊ. आणि जी अश्रद्धा त्याच गावाला ‘प्रगतीची किंमत’ म्हणून गप्प करते, तीही तितकीच टाकाऊ, कारण दोन्ही ठिकाणी दुसऱ्याच्या दुःखाला आपण परस्पर अर्थ लावून मोकळे होतो. सेनापती बापट हे वेदान्तावर निष्ठा असलेले, अरविंदांच्या दिव्यजीवनाचा ग्रंथ मराठीत आणणारे आणि त्याच वेळी पहाटे उठून रस्ते झाडणारे गृहस्थ होते. त्यांनी मावळ्याला प्राक्तन सांगितले नाही, त्याच्यासाठी तुरुंग पत्करला. श्रद्धेने माणसाला कोठवर नेता येते, याचे हे प्रमाण आहे. आणि अश्रद्धेने कोठवर नेता येते, त्याचे प्रमाण आगरकर आणि दाभोलकर आहेत.

मुळशीच्या पाण्यावर निघालेली वीज आपण शंभर वर्षे वापरत आलो. ते ऋण मानणारा मनुष्य देव मानतो की नाही, हे जाणून घेण्याची उत्सुकता मला आहे आणि त्याच्याशी त्या विषयावर निकराने वाद घालण्याची इच्छाही आहे. पण ते ऋणच न मानणाऱ्याशी ईश्वराविषयी बोलण्यापूर्वी मुळशीविषयी बोलले पाहिजे. विस्थापितांच्या वारसांचे प्रश्न, उरलेल्या देवराया, विक्रीस निघालेले डोंगर आणि प्रश्न विचारणाऱ्यांचे संरक्षण, ही या पिढीच्या वाट्याला आलेली परतफेड आहे, आणि ती करण्यास आस्तिक व नास्तिक या दोघांनाही आपापले मत बदलावे लागत नाही.